आई-बाबांचा मोबाइल आणि मूल : नाशिकच्या पालकसभेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला सिडकोत बालवाडीची ताई आहे. अडीच ते सहा वर्षांची मुलं माझ्याकडे असतात आणि महिन्यातून एकदा त्यांचे आई-बाबा पालकसभेला येतात. "मूल मोबाइल सोडतच नाही, काय करू?" हे प्रत्येक सभेत कुणीतरी विचारतंच. मी उलट विचारते, "घरी तुमचा मोबाइल कुठे असतो?" क्षणभर सगळे गप्प होतात आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. पुन्हा पुन्हा आलेले ते प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आम्ही मुलाच्या मोबाइलबद्दल विचारतोय. तुम्ही आमच्या मोबाइलबद्दल का बोलता?

कारण मुलं वर्गात तुमचाच मोबाइल घेऊन येतात. एक प्रसंग सांगते. वर्गात घर-घर चाललं होतं. चार वर्षांची एक मुलगी आई झाली होती. तिच्या हातात लाकडी ठोकळा होता. पूर्वी मुलं असा ठोकळा कानाला लावून "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणायची. हिनं तो तळहातावर उभा धरला आणि अंगठा खालून वर, खालून वर फिरवत बसली. बाळ झालेला मुलगा तिची ओढणी ओढत म्हणाला, "आई, भूक लागली." मान वर न करता ती म्हणाली, "हो रे, एकच मिनिट." अंगठा चालूच. त्यानं तीनदा हाक मारली, तीनदा तेच उत्तर त्याच सुरात आलं. मग बाळ उठलं, दुसरा ठोकळा घेऊन आलं आणि तिच्या शेजारी बसून आपलाही अंगठा फिरवू लागलं.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९६१ साली अमेरिकेत लहान मुलांवर प्रयोग केले होते. मोठ्या माणसाला एका फुगीर बाहुलीला मारताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी नंतर तिला तसंच मारलं, शब्द आणि लकबीही बऱ्याच तशाच. ठोकळ्याच्या त्या खेळात मला नुसती नक्कल दिसली नाही. बाळानं हाक मारणं सोडून दिलं, ते मला जास्त लागलं. या पानावर मी जे काही सांगणार आहे ते त्या सोडून दिलेल्या हाकेबद्दल आहे.

आमच्या आयाही दिवसभर कामातच असायच्या. त्या कुठे आमच्याकडे बघत बसायच्या?

हा प्रश्न बाबा लोक जास्त विचारतात आणि तो रास्त आहे. मुलाकडे दिवसभर टक लावून बसावं असं मी म्हणतच नाही, त्यानं मूलही गुदमरेल. मुलांनी एकटं खेळावं, कंटाळावं, स्वतःचं काहीतरी शोधावं.

पण दोन फरक आहेत. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना हात गुंतलेले असतात, कान आणि तोंड मोकळं असतं. मुलानं "आई, मुंगी बघ!" म्हटलं की "हो का, कुठे निघाली ती?" असं पोळी न थांबवता विचारता येतं. मेसेज वाचताना किंवा रील बघताना नेमका डोळ्यांचा आणि भाषेचा ताबा जातो. मुलाचं वाक्य कानावर पडतं पण आत पोचत नाही. म्हणून तर आपण दहा सेकंदांनी "काय म्हणालास?" विचारतो. तोवर मुंगी गेलेली असते.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आजोबा पेपर वाचत असले तर मुलाला कळायचं की आजोबा पेपर वाचतायत. वही म्हणजे हिशोब, सुई म्हणजे शिवण, पोथी म्हणजे पोथी. मूल बघून बघून घरातली कामं ओळखायला शिकायचं. मोबाइलमध्ये सगळी कामं एकसारखी दिसतात. लाइट बिल भरताना, कांद्याचा भाव बघताना, मावशीच्या तब्येतीची चौकशी करताना आणि नुसते व्हिडिओ बघताना आपली मान तशीच वाकलेली असते, चेहरा तसाच असतो. मुलाला एवढंच दिसतं की आई इथे बसली आहे आणि आई इथे नाही.

त्यावर सोपा उपाय आहे, फुकटचा आहे. बोलून दाखवा. "बाबा लाइट बिल भरतायत, झालं की ठेवतो." "आजीला विचारते गोळ्या घेतल्या का." मुलाला अंदाज येतो आणि, खरं सांगते, आपल्यालाही येतो. कारण "मी आता उगाच रील बघतेय" हे मुलाला मोठ्यानं सांगणं जड जातं, आणि हात आपोआप थांबतो.

आमचं बाळ सात महिन्यांचं आहे. त्याला काय कळतंय?

सगळ्यात जास्त त्यालाच कळतं, कारण त्याच्याकडे दुसरं काहीच नाही. शब्द नाहीत, घड्याळ नाही, "आई कामात आहे" ही समजूत नाही. त्याच्याकडे फक्त तुमचा चेहरा आहे.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग दोन-तीन मिनिटं ती बाळासमोरच बसते, पण चेहरा अगदी निर्विकार ठेवते, कशालाच प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून बघतं. मग हात पुढे करतं, बोट दाखवतं, आवाज काढतं, आईला परत आणण्याचे त्याला येतात तेवढे सगळे मार्ग करून बघतं. काही उपयोग होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं किंवा रडू लागतं. त्याच धर्तीवर अमेरिकेत संशोधकांनी आईच्या हाती मोबाइल देऊन पाहिलं आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. आई मोबाइलमध्ये असताना बाळं जास्त अस्वस्थ झाली, खेळण्यांत कमी रमली. ज्या आया एरवीही मोबाइल जास्त वापरतात असं त्यांनी स्वतः सांगितलं, त्यांची बाळं आईनं मोबाइल ठेवल्यावरही लवकर सावरली नाहीत.

हे वाचून रात्रभर जागू नका. ट्रॉनिक यांच्याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती मी प्रत्येक नव्या आईला सांगते. अगदी मायाळू आई आणि निरोगी बाळ यांचंही बहुतेक वेळ एकमेकांशी नीट जुळत नसतं. चुकतं, सुटतं, पुन्हा जुळतं. बाळ वाढतं ते या पुन्हा जुळण्यावर. तुमची नजर गेली हा गुन्हा नाही, ती परत यायला हवी. मोबाइलचा त्रास एवढाच की तो नजर लवकर परत येऊ देत नाही. त्यात खाली सरकवत गेलं की संपणारं पानच नाही. अशी न संपणारी रचना २००६ साली अझा रॅस्किन या डिझायनरनं तयार केली आणि पुढे त्याबद्दल त्यानं जाहीर खंतही व्यक्त केली. म्हणून "मला मनावर ताबाच नाही" असं स्वतःला बोलत बसू नका. ते यंत्र तुम्हाला धरून ठेवण्यासाठीच बनवलं आहे.

अंगावर पाजताना मोबाइल बघितला तर चालतो का?

दिवसातून आठ-दहा वेळा पाजणाऱ्या, झोप न झालेल्या बाईला "नुसती बाळाकडे बघत राहा" असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. रात्री दोनला जागं राहायला मोबाइलचा आधार वाटत असेल तर घ्या. दिवसाच्या एक-दोन वेळा मात्र मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पाजून बघा. बाळ मध्येच थांबतं, वर बघतं, तोंडातलं सोडून हसतं. त्या वेळी आपण वर बघत असलो पाहिजे.

मूल दोन वर्षांचं झालं, बोलत नाही. आमच्या मोबाइलमुळे झालं का?

आधी डॉक्टरांकडे जा, दोष कुणाचा ते नंतर बघू. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा आले" अशी दोन शब्दांची जोडी नाही, वर्ष उलटूनही नावानं हाक मारल्यावर बघत नाही, बोटानं काही दाखवत नाही, यांतलं काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ऐकू येतं का त्याची तपासणी करून घ्या. "आमच्या घराण्यात मुलगे उशिराच बोलतात" असं म्हणत वर्ष घालवलेली घरं मी पाहिली आहेत. बोलायला उशीर होण्याची कारणं अनेक असतात आणि आईच्या हातातला मोबाइल बघून कुणीही परस्पर निदान करू नये. सासरच्यांनी तर नाहीच नाही.

आता मोबाइलचा संबंध कसा येतो ते सांगते. २०१७ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३८ आयांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवले. एक शब्द शिकवताना काही अडथळा नव्हता, दुसरा शिकवताना मध्येच फोन वाजला आणि आईला तो घ्यावा लागला. मुलांच्या कानावर दोन्ही शब्द सारख्याच वेळा पडले होते. पण बिनअडथळ्याचा शब्द मुलं शिकली, फोनवाला शब्द शिकली नाहीत.

आमच्या वर्गात हे रोज दिसतं. मुलाला "पेरू" शब्द येतो तो नुसता ऐकून नाही. त्यानं पेरूकडे बघितलं, मग तुमच्याकडे बघितलं, तुम्ही पेरूकडे बघितलंत आणि म्हणालात "पेरू". हा नजरेचा त्रिकोण मध्येच तुटला की शब्द हवेत राहतो.

आमच्याकडे मोबाइल फारसा नाही, पण टीव्ही दिवसभर चालू असतो. आजीला सोबत लागते.

टीव्ही कुणी बघत नसला तरी तो घरातलं बोलणं खातो. २००९ मध्ये अमेरिकेत दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं लावून बघितलं होतं. टीव्हीचा आवाज कानी पडत असलेल्या दर तासामागे मोठ्या माणसांचे सरासरी ७७० शब्द कमी मुलाच्या कानावर पडले. तासाला ७७०! आपल्या घरात आजी ही शब्दांची सगळ्यात मोठी खाण असते आणि तिलाच आपण मालिकेसमोर बसवून गप्प करतो.

आजीशी भांडू नका. तिच्या दोन आवडीच्या मालिका तिला निवांत बघू द्या, त्या वेळी मुलाला घेऊन खाली चक्कर मारा. बाकीच्या वेळी टीव्ही बंद आणि आजी चालू. "माझ्या लहानपणी गंगेला पूर आला होता..." (नाशिकची जुनी माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात) एवढं तिनं म्हटलं की माझ्या वर्गातली मुलं मांडी घालून बसतात. आजी-आजोबांच्या दिवशी हे मी स्वतः पाहते.

माझं कामच मोबाइलवर आहे. मी काय करू?

इथे मी कुणालाही उपदेश करत नाही. अंबडच्या कारखान्यात शिफ्ट बदलली की निरोप ग्रुपवर येतो. कुणी घरून डबे देतं, ऑर्डरी मोबाइलवरच असतात. एका मुलाचे वडील कांद्याचा व्यापार करतात, लासलगावचा भाव तासातासाला बघितला नाही तर त्यांचं नुकसान होतं. त्यांना "मोबाइल बंद ठेवा" म्हणणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणं आहे.

त्या वडिलांनीच केलेला उपाय सांगते, मला फार आवडला. त्यांनी घरात एक खुर्ची ठरवली, खिडकीजवळची. भाव, फोन, हिशोब सगळं त्या खुर्चीवर. खुर्चीत बसले की बाबा कामात आहेत. खुर्चीतून उठले की मोबाइल खुर्चीवरच राहतो. त्यांची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. ती मला वर्गात सांगते, "बाबा खुर्चीत होते, मग उठले, मग आम्ही घोडा-घोडा खेळलो." तिला बाबांचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते दिसतं. तिची तक्रार नाही.

घरून काम करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. काम संपलं हे त्यांचं त्यांनाच कळत नाही. मोबाइल एकच असल्यानं साहेबांचा मेसेज बघायला उचलतो आणि वीस मिनिटांनी कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत असतो. त्यांना मी एवढंच सुचवते की कामाचे सोडून बाकी सगळे आवाज आणि सूचना बंद करून ठेवा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपवर किती वेळ गेला तेही दिसतं. आठवडाभर नुसतं बघा, काही बदलू नका. कामाचा वेळ किती आणि बाकीचा किती, हे बाहेरच्या कुणी सांगायची गरज उरत नाही.

मी मोबाइल हातात घेतला की तेव्हाच मुलगा पसारा करतो, बहिणीला चिमटे काढतो. मुद्दाम करतो का?

मुद्दाम करतो, पण वाईट म्हणून करत नाही. साधी हाक पोचत नाही हे त्याला अनुभवानं कळलं आहे. पाणी सांडलं की आई वर बघते, हेही कळलं आहे. मग तो पाणी सांडतो.

मुलांच्या विकासाच्या डॉक्टर जेनी रडेस्की यांनी बोस्टनमधल्या फास्ट फूडच्या हॉटेलांत मुलांसोबत आलेल्या ५५ मोठ्या माणसांचं निरीक्षण केलं होतं, ते २०१४ मध्ये छापून आलं. ५५ पैकी ४० जणांनी जेवताना मोबाइल वापरला. जे मोबाइलमध्ये पूर्ण बुडाले होते, त्यांच्यातले काही जण मुलानं लक्ष वेधल्यावर तुटक, चिडून बोलले. मी जेवायला बाहेर जाते तेव्हा हेच बघते. रविवारी सकाळी मिसळ खायला सहकुटुंब जाण्याची आपल्याकडे रीत आहे. तर्रीची वाटी येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. त्या वेळात चार जणांच्या टेबलावर तीन माना खाली असतात. चौथी मान मुलाची, ती एकेकाकडे फिरत असते, मग हात मिठाच्या डबीकडे जातो.

रडेस्की यांनी ब्रँडन मॅकडॅनियल या संशोधकासोबत पुढे आणखी काम केलं, त्यात हे दुहेरी असल्याचं दिसलं. आई-बाबा मोबाइलमध्ये जातात म्हणून मूल जास्त त्रास देतं, आणि मूल त्रास देतं म्हणून थकलेले आई-बाबा आणखी मोबाइलमध्ये जातात. हे मला फार खरं वाटतं. दिवसभर राबून आलेली बाई मोबाइल उघडते ती मजेसाठी नाही, दहा मिनिटं कुणी तिच्याकडे काही मागू नये म्हणून. तिला ती दहा मिनिटं मिळायलाच हवीत. ती मुलासमोर मोबाइलमध्ये लपून घेण्यापेक्षा उघडपणे घ्यावीत, मूल बाबांकडे किंवा आजीकडे देऊन, दार लोटून.

एक युक्ती मात्र लगेच करून बघण्यासारखी आहे. मुलगा साध्या आवाजात पहिल्यांदा हाक मारेल तेव्हाच वर बघा. बघून "पाच मिनिटं थांब" म्हटलंत तरी चालेल, पण डोळ्यांत बघून म्हणा आणि पाच मिनिटांनी खरंच जा. पहिले तीन-चार दिवस तो पारखून बघेल. पाण्याचं सांडणं कमी होतं, हा माझा आणि कितीतरी आयांचा अनुभव आहे.

मुलांचे फोटो, व्हिडिओ काढणं हेसुद्धा त्यातच आलं का? त्या तर आठवणी असतात.

हा प्रश्न मला स्वतःला लागतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला होता, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या वर गेलं होतं. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. पाऊस जरा ओसरल्यावर आम्ही पुलाजवळ लांबून पूर बघायला गेलो. सगळ्यांचे हात वर, सगळ्यांच्या हातात मोबाइल, माझ्याही.

तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. दोन मिनिटांचा. गढूळ पाणी दिसतं, माणसांचा गलका ऐकू येतो आणि त्यातच माझ्या मुलाचा आवाज आहे. "आई, मारुतीला पोहता येतं का?" थोड्या वेळानं पुन्हा, "आई, मारुतीला पोहता येतं का?" तिसऱ्यांदा तो नुसतं "आई" म्हणतो. त्या दोन मिनिटांत माझा आवाज एकदाच आहे : "थांब, शूटिंग चालू आहे."

पुराचे व्हिडिओ हजारो लोकांकडे आहेत. तो प्रश्न फक्त मला विचारला होता आणि त्याचं उत्तर त्या व्हिडिओत नाही.

तेव्हापासून मी एक ठरवलं आहे. पहिले एक-दोन फोटो काढायचे आणि मोबाइल पर्समध्ये. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात, उडी मारणारी माणसं बघायला मुलाला नेलं तर त्याच्या खांद्यावर माझा हात असतो. स्नेहसंमेलनातही पालकांना मी हेच विनवते. स्टेजवरचं मूल आईला शोधत असतं, आणि पहिल्या तीन रांगांत त्याला चेहऱ्यांच्या जागी काळ्या पाट्या दिसतात. आता आम्ही एकाच पालकाकडे चित्रीकरण देतो आणि ते सगळ्यांना पाठवतो.

नवरा ऐकत नाही. कामावरून आला की मोबाइल घेऊन सोफ्यावर. कसं सांगू?

मुलासमोर सांगू नका. टोमण्यानंही सांगू नका. "बघ तुझ्या बाबांना, आले की मोबाइल!" हे मुलाला सांगितलं की तो बाबांकडे जायचंच सोडतो. आणि आपला मोबाइल हातात ठेवून त्यांना सांगू नका, हे तर उघडच आहे.

घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं, एवढंच मागा. चप्पल काढली की मोबाइल चार्जिंगला, चहा आणि मूल. मग अर्धा तास सोफा त्यांचा. पूर्ण संध्याकाळ मागितली तर काहीच मिळत नाही, पंधरा मिनिटांना सहसा कुणी नाही म्हणत नाही. दिवसभर वाट बघितलेलं मूल त्या पंधरा मिनिटांत सगळं सांगून मोकळं होतं आणि मग स्वतःच खेळायला पळतं.

मुलगी बारा वर्षांची आहे. तिला मोबाइल ठेव म्हटलं की "तुम्ही पण बघता ना" म्हणते. काय उत्तर देऊ?

"खरं आहे" म्हणा. तिथून सुरू करा. "उलट उत्तर देते" म्हणून रागावलात तर ती बोलायची बंद होईल, मोबाइल बंद होणार नाही.

या वयाला नियम लादून चालत नाहीत, वाटून घ्यावे लागतात. तुम्ही तुमचा कोणता वेळ सोडणार ते आधी सांगा, मग तिला तिचा विचारा. मोबाइल रात्री कुणाच्याच उशाशी राहणार नाही, सगळ्यांचे बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतील, असं ठरलं तर बाबांचाही तिथेच लागला पाहिजे. गजर हवा असेल तर साधं घड्याळ आणा. नियम कुणी मोडला ते सांगायचा हक्क तिलाही द्या. एका घरात मुलीनं आईला दोन आठवड्यांत पाचदा पकडलं, आई मला हसत हसत सांगत होती. मला त्यात जमेची बाजू दिसली. मुलगी पहारा देत होती, म्हणजे तिला तो नियम हवा होता.

मुलाला किती वेळ स्क्रीन द्यायची, ते एकदा सांगून टाका.

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार : दोन वर्षांखाली अजिबात नाही, लांबच्या आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षं, दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या सोबतीनं. पाच ते दहा वर्षं, दोन तासांपेक्षा कमी. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जवळपास हेच सांगितलं आहे. मोठ्यांनी मुलासमोर किती वेळ बघावं याचा आकडा त्यात नाही.

एकट्या घरानं ठरवून काय होणार? बाहेर सगळे तेच करतात.

म्हणूनच एकट्यानं करू नका. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ साली ठरवलं की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला, वाचनाला आणि मोठी माणसंही मोबाइलपासून दूर. एका घरानं केलं असतं तर ते विक्षिप्त ठरलं असतं. गावानं केलं म्हणून ते गावाचं झालं.

आपल्या सोसायटीत भोंगा नसेल. पण आमच्याच वर्गातल्या सहा कुटुंबांनी रविवारी सकाळी मिळून बाहेर पडायचं ठरवलं, कधी पांडवलेणी, कधी सोमेश्वर. दोन मोबाइल गरजेपुरते सोबत, बाकीचे घरी. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना मुलं मोजत चढतात आणि प्रत्येकाची संख्या वेगळी येते. त्यावर वर पोचेपर्यंत वाद चालतो, त्यात बाबा लोकही असतात.

आमचं मूल सात वर्षांचं झालं. आता उशीर झाला का?

नाही. मुलं फार मोठ्या मनाची असतात. वर्षभर तुम्ही लक्ष दिलं नसेल आणि आज जमिनीवर बसून "मला शिकव ना हा खेळ" म्हणालात, तर ते मागचा हिशोब काढत नाही. थोडं बिचकेल, तुमच्या खिशाकडे बघेल, मोबाइल वाजतो का याची वाट बघेल. तो वाजला आणि तुम्ही उचलला नाहीत, तर त्याच्या चेहऱ्याकडे बघा. मी एका आईला हे करायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलाला सोडायला आली तेव्हा दारातच म्हणाली, "ताई, त्यानं विचारलं, आई, फोन वाजतोय, तू घेत का नाहीस? मी म्हटलं, तुझी पाळी आहे म्हणून." मुलाला ते इतकं आवडलं की त्यानं वर्गात येऊन पहिल्यांदा तेच सांगितलं.

मूल झोपल्यावर तरी मोबाइल बघू का?

बघा, निवांत बघा. फक्त दुसऱ्या खोलीत. आमच्याकडची बरीच मुलं एकाच खोलीत आई-बाबांजवळ झोपतात. आई समजते मूल झोपलं. अंधारात उजेड फक्त तिच्या चेहऱ्यावर असतो आणि मूल अर्धवट डोळे उघडे ठेवून तिकडे बघत पडलेलं असतं. हे मला मुलांनीच सांगितलं आहे. झोपेपर्यंत अंधार असू द्या, तुमचा हात त्याच्या पाठीवर असू द्या. श्वास जड झाला की मग उठा.